दोन मिलिमीटरच्या पटाशीला धार लावताना

लाकडी प्रतिकृतीत खांब लहान करता येतो, तुळई लहान करता येते, दाराची कडीही लहान करता येते. लाकडाचा तंतू मात्र लहान करता येत नाही. पैठणच्या जुन्या वस्तीतल्या एका वाड्याचा दर्शनी भाग मी १:२० या प्रमाणात घडवते आहे. सुरूदार खांब, त्यांच्या माथ्याला लोंबणारी केळफुले, खांबाखांबांमधल्या महिरपी आणि देवडीचा नक्षीदार दरवाजा एवढाच त्याचा पसारा आहे. मूळचा तीन मीटर उंचीचा खांब या प्रमाणात १५ सेंटीमीटरचा होतो आणि केळफुलाची चार सेंटीमीटर रुंदीची पाकळी दोन मिलिमीटरची. बोथट पटाशीने त्या पाकळीच्या कडेचा अर्ध्या मिलिमीटरचा कपचा उडाला, तर मूळ वाड्याच्या हिशेबात तो एक सेंटीमीटरचा तुकडा ठरतो आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाऊन थांबते. मोठ्या कामात असा कपचा पॉलिश पेपरने घासून झाकता येतो. इथे पॉलिश पेपर फिरवला की पाकळीची कडच नाहीशी होते आणि केळफुलाच्या जागी गुळगुळीत गोळा उरतो. त्यामुळे या कामात पटाशीने जो पृष्ठभाग मागे सोडला तोच अखेरचा, आणि म्हणूनच कोरण्याइतकाच वेळ मी धार लावण्याला देते.

मूळ वाडे सागाचे असले तरी प्रतिकृतीसाठी मी साग बाजूला ठेवला. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती धार खाते. शिवाय सागाची रंध्रे नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी असल्यामुळे एवढ्याशा खांबावर ती किडीने पाडलेल्या भोकांसारखी दिसतात. वखारीतून मी हेदूचे तुकडे निवडून आणले; हे लाकूड पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचे असते, आणि पूर्वी फण्या करायलाही ते वापरत. आतला न दिसणारा सांगाडा पांगाऱ्याचा केला आहे. पांगारा फार मऊ, म्हणून त्याला कसलीही धार चालेल असे कोणालाही वाटेल, पण प्रत्यक्षात उलटे आहे. कठीण लाकूड पटाशीला टक्कर देते आणि त्या जोरावर तंतू कापला जातो. मऊ लाकूड दबते, आणि धार जराशी जरी उतरलेली असली तरी तंतू कापला जाण्याऐवजी चेंगरतो. आडव्या तंतूंच्या टोकावर, म्हणजे लाकडाच्या मथळ्यावर, पांगारा स्वच्छ कापला गेला आणि कापलेली जागा पांढुरकी, भुरभुरीत न दिसता किंचित चमकदार दिसली, तरच धार लागली असे मी धरते. नखावर टेकवून किंवा हातावरचे केस कापून पाहण्यापेक्षा ही परीक्षा मला अधिक भरवशाची वाटते, कारण अखेरीस काम लाकडावरच करायचे असते.

माझ्याजवळची छोटी हत्यारे बहुतेक घरीच केलेली आहेत. दोन, तीन आणि पाच मिलिमीटर रुंदीच्या सरळ पटाश्या पॉवर हॅकसॉच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या यंत्रकरवतीच्या, मोडक्या पात्यांपासून केल्या. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपांतून अशी पाती भंगारात निघतात. पाते घेताना ते संपूर्ण हायस्पीड स्टीलचे आहे की नाही हे पाहावे लागते, कारण दोन धातू जोडून केलेल्या (बायमेटल) पात्यात फक्त दातांची कडा हायस्पीड स्टीलची असते आणि पाठीच्या बाजूची पट्टी मवाळ, लवचीक असते. त्या पट्टीची पटाशी केली तर तिला धार टिकत नाही. हायस्पीड स्टीलचे पाते करवतीने कापले जात नाही. ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी खाच पाडून, पाते पोपटपान्यात धरून, वर जाड फडके टाकून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच ते मोडावे. ते काचेसारखे तुटते आणि त्याचा तुकडा उडाला तर इजा होते. या पोलादाचा मोठा गुण असा की ग्राइंडरवर ते तापले तरी त्याचा कडकपणा सहजासहजी जात नाही.

साध्या कार्बन पोलादाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या कोरीव कामाच्या छोट्या पटाश्या बहुधा त्याच पोलादाच्या असतात. साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला त्यावर गवतासारखा पिवळा रंग चढतो आणि ३०० अंशांच्या आसपास तो निळा होतो. निळा रंग धारेपर्यंत पोहोचला की तिथले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे; मग कितीही घासले तरी ती धार दोन कापांत बसते. सुताराच्या रुंद पटाशीत धातू भरपूर असल्यामुळे उष्णता मागे पसरते. दोन मिलिमीटरच्या टोकाला उष्णता जायला जागाच नसते, आणि पाहता पाहता ते निळे पडते. आमच्या गल्लीत सायकलवर चाक बसवून सुऱ्या, कात्र्या आणि विळ्यांना धार लावून देणारे गृहस्थ येतात. त्यांचा हात उत्तम आहे आणि घरातली विळी मी त्यांच्याकडेच देते, पण कोरडे, वेगाने फिरणारे चाक एवढ्या बारीक टोकासाठी नाही. पाते घडवताना ग्राइंडर लागतोच, तेव्हा मी हातमोजे न घालता बोट धारेच्या अगदी मागे ठेवते. बोटाला ऊब जाणवली की लगेच टोक पाण्यात बुडवायचे. बोटाला सोसवते तोवर पोलादालाही धोका नसतो. धारेचे खरे काम मात्र सगळे हातानेच करायचे.

त्यासाठी मी दगड वापरत नाही. पाण्यात भिजवायचे दगड उत्तम असतात, पण ते भरपूर पाणी पितात, झिजून खोलगट होतात आणि पुन्हा पुन्हा सपाट करावे लागतात. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे ही उस्तवार मला नको वाटली. काचवाल्याकडून दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा कडा घासून आणला आणि हार्डवेअरच्या दुकानातून ४००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर. काचेवर पाण्याचे थेंब टाकून पेपर चिकटवला आणि खालची हवा अंगठ्याने दाबून काढून टाकली की दगडापेक्षाही सपाट पृष्ठभाग मिळतो. वॉटर पेपरवर सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात आणि ते हायस्पीड स्टीललाही खातात, फक्त थोडे सावकाश. ४०० नंबरच्या पेपरवरचा कण सरासरी ३५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, १००० नंबरचा १८ च्या आसपास आणि २००० नंबरचा सुमारे १० मायक्रॉनचा. लाकडाचा एक तंतू साधारण २० ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो हे लक्षात घेतले, तर ४०० वर थांबलेली धार एवढ्या बारीक कामात तंतू का ओरबाडते ते वेगळे सांगावे लागत नाही.

काम सुरू होते ते पटाशीच्या पाठीपासून. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा, आणि त्यांतला एक पृष्ठभाग म्हणजे ही पाठ. बहुतेक जण फक्त उतरती बाजू घासतात आणि पाठ कारखान्यातून आली तशीच ठेवतात. तिच्यावरच्या ग्राइंडिंगच्या रेघा धारेपर्यंत आलेल्या असल्या, तर उतरती बाजू आरशासारखी केली तरी धार करवतीसारखी दातेरीच राहते. पाठ संपूर्ण घासायची गरज नसते, टोकाकडची दहा-बारा मिलिमीटर पुरते. ती काचेवर पूर्ण टेकवून, बोटाने टोकाच्या अगदी जवळ दाबून घासायची आणि मागची बाजू कणभरही उचलायची नाही. तीनही पेपरांवरून गेल्यावर पाठीत खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब न वाकता दिसले की ती झाली. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते प्रत्येक हत्याराच्या आयुष्यात एकदाच करावे लागते.

उतरत्या बाजूला मात्र छोट्या हत्याराचा सगळा कस लागतो. सुताराच्या पटाशीची जाडी टोकाजवळ चार मिलिमीटर धरली, तर २५ अंशांच्या कोनात तिच्या उताराची लांबी साडेनऊ मिलिमीटर भरते. त्यात पंचवीस मिलिमीटरची रुंदी मिळवली की ती दगडावर आपोआप बसते आणि हाताला कोन कळतो. माझ्या पात्याची जाडी १.६ मिलिमीटर आहे. त्याच कोनात उताराची लांबी जेमतेम पावणेचार मिलिमीटर होते आणि रुंदी दोन मिलिमीटर. एवढ्याशा जागेवर हत्यार हाताने स्थिर राहत नाही. मनगट जरासे हलले की उतार गोल होतो आणि धार टोकावरून आत ढळते.

घराच्या दाराची बिजागरी दुरुस्त करायला आलेले सुतारमामा माझे हे घासणे बराच वेळ पाहत उभे होते. शेवटी ते म्हणाले, “ताई, हत्यार डुलायलंय तुमचं. दगडाला बोल लावून काय उपेग? त्याला आधी बूड द्या.”

“बूड कशाचं द्यायचं, मामा?”

“लाकडाचं द्या की. ठोकळा करा, त्यात पकडा, मग घासा. ठोकळा हलला तरी कोन हलत नाही.”

त्यांच्या सांगण्यावरून केलेला ठोकळा आजही वापरात आहे. शिसवीच्या एका तुकड्याच्या बाजूवर तिरकी रेघ आखली: आडवे ५० मिलिमीटर आणि उभे २३.३ मिलिमीटर मोजले की २५ अंशांचा कोन कोनमापकाशिवाय मिळतो, आणि उभे माप १८.२ घेतले की २० अंशांचा. त्या रेघेवर पात्याच्या रुंदीची खाच कोरली, पाते खाचेत ठेवून वरून पितळेची पट्टी आणि दोन स्क्रू बसवले. घासताना वॉटर पेपरची अरुंद पट्टी काचेच्या पुढच्या भागात चिकटवते, जेणेकरून ठोकळ्याचा तळ मोकळ्या काचेवर सरकतो आणि पात्याचे टोक तेवढे पेपरवर येते. कोन आता ठोकळ्याच्या ताब्यात असतो, हाताने फक्त ओढायचे. ओढायचेच, ढकलायचे नाही. अरुंद पटाशी पुढे ढकलली की तिचे टोक ओल्या कागदात रुतते आणि कागद फाटतो.

पहिल्या घासणीआधी उतारावर काळ्या मार्करची शाई लावून घ्यावी. दोन-तीन ओढी झाल्या की शाई कुठे गेली आणि कुठे राहिली ते भिंगातून पाहायचे. शाई मागच्या बाजूची गेली असेल तर ठोकळ्यातून बाहेर आलेले पात्याचे टोक जास्त आहे, टोकाचीच गेली असेल तर कमी आहे, आणि एका कोपऱ्याची गेली असेल तर पाते खाचेत तिरके बसले आहे. हे सगळे शाई नसताना कळायला अर्धा उतार घासून टाकावा लागला असता, आणि दोन मिलिमीटरच्या पटाशीत असा घासून टाकण्याइतका धातू नसतो.

४०० वर तोपर्यंत घासायचे, जोवर पाठीच्या बाजूला बर जाणवत नाही. वर्कशॉपमध्ये ज्याला बर म्हणतात तो धातूचा अगदी पातळ, वळलेला पापुद्रा असतो. बोटाचे टोक पाठीवरून धारेकडे आणि बाहेर नेले की तो नखाला अडकल्यासारखा लागतो. धारेच्या संपूर्ण रुंदीवर बर आल्याशिवाय पुढच्या पेपरवर जाऊ नये, कारण बर आली नाही याचा अर्थ दोन पृष्ठभाग अजून मिळालेलेच नाहीत. मग १००० वर तेच, पण हलक्या हाताने, आणि २००० वर आणखी हलक्या हाताने. मधूनमधून पाठ सपाट टेकवून बर दुसऱ्या बाजूला वळवायची. शेवटी ती इतकी बारीक होते की बोटाला लागत नाही, फक्त भिंगात दिव्याखाली दिसते. दिवा तिथेच असतो म्हणून धारही उजेडात धरून पाहते. बोथट जागेवर प्रकाश परततो आणि पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते; लागलेली धार प्रकाश परत पाठवत नाही, तिथे काहीच दिसत नाही.

उरलेली बर काढायला न्हाव्याच्या चामड्यासारखा पट्टा लागतो असे सगळीकडे सांगितले जाते, आणि वस्तऱ्यासाठी ते बरोबरच आहे. बारीक पटाशीला मात्र जाड चामडे दबते, धारेभोवती वर येते आणि इतक्या मेहनतीने केलेला कोन टोकाशी गोल करते. मी त्याऐवजी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, पट्टी वापरते. स्टीलच्या भांड्यांना चकाकी देणाऱ्या पॉलिशवाल्यांकडे क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी मिळते. ती पट्टीवर कोरडीच घासायची आणि पटाशी त्याच ठोकळ्यासकट मागे ओढायची. त्या हिरव्या भुकटीचा कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा असतो. आठ-दहा ओढी पुरतात.

कोनाबद्दल माझे मत अनुभवाने पक्के झाले आहे. हेदूवर हलके तासण्यासाठी २० अंश फार गोड चालतो, पण मथळ्यावर दाब द्यायचा झाला की एवढ्या पातळ धारेचे कण झडतात. म्हणून तीन मिलिमीटरची पटाशी मी २० अंशांची, फक्त तासण्यासाठी ठेवली आहे आणि बाकीच्या २५ अंशांच्या.

गोल पटाशी मी जुन्या छत्रीच्या काडीची केली, आणि या सगळ्या संचात ती मला सर्वांत प्रिय आहे. काळ्या कापडाच्या जुन्या छत्र्यांच्या काड्या पन्हळीच्या आकाराच्या, पोलादी असतात. पाच-सहा सेंटीमीटरचा तुकडा कापून मूठ बसवली की केळफुलाच्या पाकळ्यांमधली खळी कोरायला नेमक्या मापाचे हत्यार तयार होते. तिला धार बाहेरून लावायची. पेपरवर टोक टेकवून ओढत असतानाच मनगटाने काडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवायची, आणि दोन्ही कोपऱ्यांशी हात थांबू द्यायचा नाही. तिथे थांबले की कोपरे झिजून टोक जिभेसारखे पुढे येते. आतली बर काढायला बांबूची काडी पन्हळीच्या मापाची तासून तिच्यावर २००० नंबरचा पेपर गुंडाळते आणि आतल्या पृष्ठभागाला पूर्ण टेकवून फिरवते. शेवटच्या चकाकीसाठी वेगळे साधन करावे लागत नाही. त्याच पटाशीने पांगाऱ्याच्या तुकड्यात एक लांब खाच कोरायची, खाचेत हिरवी वडी घासायची आणि पटाशी त्याच खाचेतून उलट ओढायची. तिच्या बाहेरच्या गोलाईशी तंतोतंत जुळणारा पट्टा तिने स्वतःच कोरलेला असतो. छत्रीचे पोलाद हायस्पीड स्टीलइतके कडक नसते, त्यामुळे एका केळफुलात या खाचेकडे पुष्कळदा वळावे लागते. पण तो तुकडा कामाच्या फळीलाच ठोकलेला असल्याने त्यात वेळ जात नाही.

सर्जिकल ब्लेडबद्दल थोडक्यात सांगते. ३ नंबरच्या दांडीवर बसणारे ११ नंबरचे टोकदार ब्लेड सर्वाधिक उपयोगी पडते आणि त्याचे टोकच आधी मोडते. ब्लेड टाकून देण्याआधी त्याची धार न घासता पाठ घासावी. पाठीचा उतार थोडा पुढे आणला की तो धारेला नव्या जागी भेटतो आणि नवे टोक तयार होते, धार मात्र कारखान्याचीच राहते. दोनतीनदा असे झाले की ब्लेड पत्र्याच्या बंद डबीत जाते. एक मिलिमीटरखालच्या ड्रिलला धार लावण्याच्या भानगडीत मी पडत नाही, त्यांच्या टोकाचे दोन्ही उतार डोळ्यांनी जुळवणे शक्य नसते. बारीक कानशीला धार लावायची नसतेच. वापरण्याआधी खडू घासला की भुसा दात्यांत घट्ट बसत नाही आणि पितळी ब्रशने तो निघून जातो.

व्ही पटाशी, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोकाची पटाशी, मी सगळ्यांत शेवटी हातात घेतली, कारण तिच्यात दोन सरळ पटाश्या आणि त्यांना जोडणारी एक अतिशय छोटी गोल पटाशी अशी तीन हत्यारे एकत्र असतात. दोन्ही पंख सरळ पटाशीसारखे घासले की जिथे ते मिळतात तिथे धातू जाड असल्यामुळे एक चोच पुढे उरते. ती चोच लाकडात आधी शिरते आणि रेघ कापण्याऐवजी फाडत नेते. पंखांना हात न लावता, फक्त खालचा कणा २००० वर डावी-उजवीकडे डोलवत गोल करत गेले की चोच मागे सरते. इथे ठोकळा उपयोगाचा नाही, हात आणि भिंग यांवरच भिस्त. प्रत्येक दोन-तीन ओढींनंतर मी पांगाऱ्यावर आडव्या तंतूंतून एक रेघ ओढून पाहते: रेघेच्या दोन्ही कडा स्वच्छ आणि तळ फाटलेला, तर चोच अजून आहे, तळ स्वच्छ आणि एकच कड फाटलेली, तर त्या बाजूचा पंख राहिला आहे. माझ्या व्ही पटाशीचा डावा पंख उजव्यापेक्षा जाड निघाला, त्यामुळे बर तिथे नेहमी उशिरा येते आणि त्याला दर वेळी थोडे जास्त घासावे लागते. देवडीच्या चौकटीवरची वेल सध्या याच पटाशीने चालली आहे. उजवी पट्टी पूर्ण झाली असून डाव्या पट्टीची पाने तंतूंच्या उलट दिशेने येत असल्याने ती सुरू करण्याआधी हा डावा पंख पुन्हा एकदा २००० वर न्यायचा आहे.